मडगावच्या आमदारांची चौकट

एखाद्या आमदाराने पक्ष बदलला की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर मोठ्या मथळ्याची मुख्य बातमी असते आणि तिला लागून एक चौकट असते, 'राजकीय प्रवास'. बातमी बातमीदार आणतो, तिच्यावर त्याचं नाव छापून येतं. चौकट डेस्कवर तयार होते आणि तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. पणजीतल्या एका मराठी दैनिकात गेली बरीच वर्षं ही चौकट बहुतेक वेळा माझ्याकडे येते. जन्म, मतदारसंघ, कोणत्या साली कोणत्या चिन्हावर निवडून आले, कोणती पदं भूषवली, कधी कुठे गेले. दीडशे ते पावणेदोनशे शब्द. विशेषण एकही नाही.

हे काम कारकुनी समजलं जातं. नवीन मुलांना तर ते शिक्षा वाटतं, कारण विकिपीडियावरून उचललं की झालं, अशी त्यांची समजूत असते. मला ते पानावरचं सगळ्यात जबाबदारीचं काम वाटतं. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. चौकट मात्र कापून ठेवली जाते. पाच वर्षांनी कुणीतरी तीच उघडतो आणि तिच्यात चूक असेल तर ती चूक पुढच्या चौकटीत जाते. गोव्यात तर लोक चौकट फार बारकाईने वाचतात. चाळीस आमदारांचं राज्य, एकेका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार कुणाच्या लग्नाला आला आणि कुणाच्या मर्तिकाला आला नाही हे लोकांच्या लक्षात असतं. साल चुकलं तर सकाळी आठलाच फोन येतो.

१४ सप्टेंबर २०२२, बुधवार. चतुर्थी होऊन दोन आठवडे झाले होते, म्हाळाचे दिवस चालू होते. या दिवसांत कुणी नवीन गाडीसुद्धा घरी आणत नाही. काँग्रेस फुटणार अशी जी कुजबुज जुलैपासून चालली होती तिचं काय ते आता घटस्थापनेनंतर, असं आमच्या बैठकीत सगळ्यांनी धरून चाललं होतं. सकाळीच भाजपचे प्रदेशाध्यक्ष सदानंद शेट तानावडे यांनी सांगून टाकलं की काँग्रेसचे आठ आमदार आज येताहेत. मी नेहमी दुपारी कामावर जाते. त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच पिशवीत टाकून निघाले.

पोचेपर्यंत पर्वरीच्या विधानसभा संकुलातून फोटो यायला लागले होते. काँग्रेस विधिमंडळ गटाने भाजपमध्ये विलीन होण्याचा ठराव केला होता. मांडणारे मायकल लोबो, अनुमोदन दिगंबर कामत यांचं. सोबत दिलायला लोबो, संकल्प आमोणकर, राजेश फळदेसाई, केदार नाईक, आलेक्स सिक्वेरा, रुडॉल्फ फर्नांडिस. मागे उरले तिघे: युरी आलेमाव, आल्टन डिकॉस्टा आणि कार्लुस फेरेरा. राहुल गांधींची भारत जोडो यात्रा सुरू होऊन आठवडा झाला होता, ती तेव्हा केरळात होती. मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले की ही काँग्रेस छोडो यात्रा आहे. वाहिन्यांना दिवसभर पुरेल एवढं तेच वाक्य मिळालं.

वाहिन्यांवर सकाळपासून 'सात की आठ' चाललं होतं आणि ते का चाललंय हे सांगायची तसदी एकाही निवेदकाने घेतली नाही. खरं तर सगळी गोष्ट त्याच आकड्यात होती. मार्चमध्ये काँग्रेसचे अकरा आमदार निवडून आले होते. पक्षांतरबंदीच्या कायद्यातून सुटायचं तर पक्षाचे किमान दोन-तृतीयांश आमदार एकदम जावे लागतात. अकराचे दोन-तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक एक-तृतीयांश. माणसाचा तिसरा हिस्सा फुटत नाही, म्हणून आठ लागतात. सात जण गेले तर सातही अपात्र ठरू शकतात. आठवा आला की आठही सुरक्षित. जुलैमध्ये खुद्द काँग्रेसनेच लोबो आणि कामत पक्ष फोडायला निघाल्याचा आरोप केला होता, लोबोंचं विरोधी पक्षनेतेपदही काढून घेतलं होतं. तेव्हा फूट पडली नाही आणि सप्टेंबरात पडली, तर मधल्या काळात काय बदललं? विचार बदलले असतील, मला माहीत नाही. कागदावर बदललेली दिसते ती फक्त संख्या. डेस्कवर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हा भागाकार पेन्सिलीने करायला लावते. पक्षांतरबंदीचा कायदा समजायला त्याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

आठ चौकटी देणं शक्य नव्हतं. बाकीच्या सातांचा एक तक्ता करायचा आणि माजी मुख्यमंत्री म्हणून कामतांची स्वतंत्र चौकट, असं ठरलं. तक्ता पटकन झाला. लोबोंच्या ओळीत जानेवारीत भाजपचं मंत्रिपद सोडून काँग्रेस आणि सप्टेंबरात काँग्रेस सोडून भाजप, एवढं एकाच सालात बसवावं लागलं. मग कामतांकडे वळले.

दिगंबर कामत यांची कारकीर्द वरवर पाहिली तर लिहायला सोपी वाटते, कारण मतदारसंघ कधी बदललाच नाही. मडगाव आणि मडगावच. १९९४ साली गोवा विधानसभेत भाजपचे पहिले चार आमदार निवडून आले: पणजीतून मनोहर पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, वाळपईतून नरहरी हळदणकर आणि मडगावातून दिगंबर कामत. म्हणजे गोव्यात भाजपच्या विधिमंडळातल्या अस्तित्वाचा पाया घालणाऱ्या चौघांतले हे एक. १९९९ आणि २००२ सालीही भाजपकडूनच. पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात मंत्री. २००५ मध्ये काँग्रेस. ८ जून २००७ रोजी मुख्यमंत्री; प्रतापसिंह राणे आणि रवी नाईक यांच्या रस्सीखेचीत तिसरं नाव म्हणून पुढे आले आणि आघाडीचं सरकार असूनही २०१२ पर्यंत टिकले. १९९० नंतरच्या दशकात गोव्याने किती मुख्यमंत्री आले-गेलेले पाहिलेत ते आठवणाऱ्याला या पाच वर्षांची किंमत कळेल. २०१२ ला सरकार गेलं, मडगाव राहिलं. २०१७, २०२२, पुन्हा मडगाव.

मला अडकवलं ते २००५ ने.

आमचा जुना मजकूर श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या टंकात आहे. संगणकावर आहे म्हणायला आहे, पण त्यात 'कामत' असं युनिकोडमध्ये टंकून शोधलं तर एकही बातमी वर येत नाही. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. हे सगळं रूपांतरित करून द्या म्हणून मी व्यवस्थापनाच्या मागे लागून थकले. नवीन कॅमेऱ्यांना पैसे असतात, ज्या मजकुरावर दैनिकाची अब्रू उभी आहे त्याला नसतात. मराठी वर्तमानपत्रांची दोन-तीन दशकांची स्मृती अशी स्वतःच्याच संगणकात अडकून पडली आहे आणि याचं कुणाला काही वाटत नाही, याचा मला मनापासून राग येतो. मग उरतात ते बांधीव अंक. तळमजल्यावरच्या खोलीत, लोखंडी घोडीवर, महिन्यावार. सप्टेंबरात तिथे ओल इतकी असते की पानं एकमेकांना चिकटतात. ती ओढायची नाहीत, पट्टी सरकवून हलक्या हाताने सोडवायची. शिपाईकाकांनी २००५ चे खंड काढून दिले आणि मी जिन्यातच वाचायला बसले.

जानेवारीच्या अखेरीस भाजपच्या चार आमदारांनी आमदारकीचे राजीनामे दिले. दिगंबर कामत, पांडुरंग मडकईकर, इजिदोर फर्नांडिस, मिकी पाशेको. २ फेब्रुवारीला विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभागृहात रणकंदन झालं आणि राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच दिवशी पर्रीकर सरकार बरखास्त केलं. राणेंचा शपथविधी, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट, मग जूनमध्ये पोटनिवडणुका. त्या जूनच्या खंडात निकालाचं पान होतं. मडगावच्या तक्त्यात कामतांचं नाव आणि त्यांच्या पुढे हाताचं चिन्ह. अकरा वर्षं ज्या नावापुढे कमळ छापलं जात होतं त्याच्यापुढे हात. पानाच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, तक्ता मात्र शाबूत होता. मी मोबाइलवर फोटो काढला आणि तिथेच थांबले.

आमदार झाल्यावर कामतांची पक्षांतरं दोन, हे मला माहीत होतंच. पण तोवर ती एकाच प्रकारची दोन आहेत असं मी धरून चालले होते. तशी ती नव्हती. २००५ मध्ये त्यांनी आमदारकी सोडली, काही महिने ते आमदार नव्हते, मडगावच्या बाजारात, कोंबत, मालभाटात पुन्हा दारोदार गेले आणि नव्या चिन्हावर मत मागितलं. मडगावने दिलं. २०२२ मध्ये सकाळी काँग्रेसचे आमदार असलेले गृहस्थ संध्याकाळी भाजपचे आमदार होते आणि मधे मतदार कुठेच नव्हता.

२००५ चा राजीनामा तत्त्वासाठी होता असा माझा दावा नाही. २००२ च्या निवडणुकीत भाजपचे सतरा आले होते. चार म्हणजे सतराचे दोन-तृतीयांश सोडाच, एक-तृतीयांशसुद्धा नव्हेत. आमदारकी राखून बाहेर पडायची वाटच नव्हती, म्हणून राजीनामा. इतरांचंही पाहा. २०१७ मध्ये काँग्रेसचे सतरा आमदार निवडून आले, सगळ्यात मोठा पक्ष. विश्वजित राणे लगेच बाहेर पडले; एकटे होते, राजीनामा दिला, वाळपईतून भाजपतर्फे पुन्हा निवडून आले. २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे. दोघेच होते, राजीनामे, पोटनिवडणुका. आणि १० जुलै २०१९ ला बाबू कवळेकरांबरोबर दहा जण एकदम गेले. तेव्हा पक्षाचे पंधरा उरले होते, दहा म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश. राजीनामा कुणाचाच नाही. एक किंवा दोन निघाले तर मतदाराकडे जावं लागतं, आणि जितके जास्त निघतील तितकी मतदाराची गरज कमी होते. पक्षांतर रोखायलाच १९८५ मध्ये घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं. त्यात एक-तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती फटही बुजवली. उरलं ते विलीनीकरणाचं चौथं कलम. त्यात मूळ राजकीय पक्ष विलीन व्हावा लागतो की आमदारांचे दोन-तृतीयांश पुरतात, यावर वाद झाला. २०१९ च्या दहांविरुद्धच्या याचिका सभापती राजेश पाटणेकर यांनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या होत्या आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, विधानसभेचं मतदान झालेलं आणि मोजणी व्हायची असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. सप्टेंबरातल्या आठ जणांना वाट तयारच मिळाली.

गोव्याच्या वाचकाला हा विषय किचकट वाटेल म्हणून टाळावा, असं मला कधीच वाटलं नाही. राजीनामा न देताही केवळ वागणुकीवरून आमदाराने पक्ष सोडला असं धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं ते रवी नाईक खटल्यात, म्हणजे आमच्याच विधानसभेच्या प्रकरणात. देशभरातल्या वकिलांना ते नाव पाठ आहे. आमच्या शाळकरी मुलांना नाही.

वर आले तोवर पर्वरीच्या बातमीदाराची कॉपी आली होती. तिच्यात कामतांचं म्हणणं होतं. निवडणुकीआधी, २२ जानेवारीला, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे म्हणजे क्रॉसकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. फेब्रुवारीत राहुल गांधींसमोर पुन्हा. कामत तेव्हा विरोधी पक्षनेते होते. हे पदसुद्धा २०१९ मध्ये कवळेकर ते सोडून भाजपमध्ये गेले म्हणून त्यांच्याकडे आलं होतं. आता शपथेचं काय, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं त्याचा आशय असा होता की आपण देव मानणारे आहोत, आपण पुन्हा देवळात गेलो, देवापुढे सगळं ठेवलं आणि तुला योग्य वाटेल ते कर असं देवाने सांगितलं.

डेस्कवर हशा पिकला. गोव्याबाहेरच्या वाहिन्यांवर तर रात्री उशिरापर्यंत पिकत राहिला. मला हसू आलं नाही. देवाला विचारणं ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही. लग्न ठरवताना, घराचा पाया घालताना, कोर्टात दावा लावताना गोव्यातली माणसं आजही कौल घेतात. माझ्या घरातही घेतात. पण कौल कसा घेतात हेही आम्हाला माहीत आहे. भटजी असतो, गाऱ्हाणं मोठ्याने घातलं जातं, देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्या सगळ्यांच्या देखत उजवीकडून पडतात किंवा डावीकडून पडतात. सोबत चार माणसं असतात आणि ती पुढे साक्षीला उरतात. जानेवारीतली शपथ तशीच झाली होती, देवळात, कॅमेऱ्यांसमोर, सगळ्या उमेदवारांच्या रांगेत. आमच्या छायाचित्रकाराचा फोटो होता. मीच त्याची ओळ लिहिली होती. शपथेतून मोकळीक मात्र एकट्याला मिळाली आणि तिचा साक्षीदार नाही. मला खटकलं ते एवढंच. देवाने सांगितलं नसेल असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण ज्यांच्या देखत बांधून घेतलं त्यांच्या देखत सुटायला हवं होतं. आणि ते फक्त देवळापुरतं नव्हे.

चौकट लिहिली. शेवटचं वाक्य असं होतं: '२००५ मध्ये पक्ष सोडताना आमदारकीचा राजीनामा देऊन त्यांनी मडगावातून पोटनिवडणूक लढवली व जिंकली; या वेळी आमदारकी कायम ठेवून पक्षप्रवेश केला.'

वृत्तसंपादकांनी पेन लावलं ते नेमकं या वाक्यावर. "हे भाष्य झालं ताई. अग्रलेखात जाऊ दे."

मी म्हटलं, यात भाष्य कुठलं? दोन तारखा आहेत, दोन घटना आहेत. विशेषण दाखवा.

"विशेषण नाही, पण तू दोन्ही शेजारी ठेवलंस ना? शेजारी ठेवणं हेच भाष्य."

ते वाईट संपादक नाहीत. आकड्यांना पक्के, दबावाला न वाकणारे. जाहिरातदारांचे फोन त्यांनी माझ्यादेखत परतवलेले आहेत. पण त्यांच्या पिढीच्या बऱ्याच चांगल्या पत्रकारांची एक श्रद्धा आहे की घटना सुट्या सुट्या दिल्या की आपण तटस्थ राहतो. मला हे कधी पटलं नाही. आमदार सुटी घटना नसतो, त्याला मागचं-पुढचं असतं, आणि मागचं-पुढचं द्यायचं नसेल तर 'राजकीय प्रवास' असं डोकं तरी कशाला द्यायचं? मी तसं बोलूनही दाखवलं. आवाज जरा चढलाच. पान लावणारा ऑपरेटर, जो असल्या वेळी कानात हेडफोन घालतो, त्याने ते काढून ठेवले.

दक्षिण गोव्याची आवृत्ती आधी सुटते, कारण काणकोणपर्यंत गाडी पहाटे पोचायला हवी. घड्याळ पुढे चाललं होतं. वृत्तसंपादक म्हणाले, "ठीक आहे, दक्षिणेत जाऊ दे, उत्तरेच्या वेळी बघू." दक्षिणेत वाक्य गेलं. उत्तरेच्या वेळी बघायची पाळीच आली नाही. शेवटच्या क्षणी पहिल्या पानावर जाहिरात आली, चौकटीला दोन सेंटिमीटर कमी पडले आणि खालून कापायचं म्हटल्यावर शेवटचं वाक्यच गेलं. पणजी, म्हापसा, डिचोलीच्या वाचकाला ते मिळालं नाही. मडगावला मिळालं. ज्यांना मिळायला हवं त्यांना मिळालं, असं ऑपरेटर मला समजावत होता. मी तेवढ्यावर खूश नव्हते, आजही नाही. ते वाक्य चाळीसही मतदारसंघांचं होतं.

सकाळी फोन आले. बरेचसे शिव्या घालायला. गोव्याच्या मतदाराबद्दल मला फार जिव्हाळा आहे आणि तितकीच तक्रारही. पक्षांतरावर चिडून फोन करणारा मनुष्य पुढच्या निवडणुकीत त्याच उमेदवाराच्या मिरवणुकीत दिसतो, हे मी पाहत आलेय. तरी हा वाचक आंधळा आहे असं कुणी समजू नये. २०१९ च्या दहांपैकी २०२२ मध्ये परत निवडून आले ते तिघेच: बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. खुद्द कवळेकर केपेत आल्टन डिकॉस्टांकडून हरले. लोकांनी हिशेब ठेवला होता.

त्या फोनांतला एक मडगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. आवाज शांत. कामतांना ते पहिल्यापासून मत देत आले होते, कमळ असताना आणि हात असतानाही. चौकट वाचून त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, "बाय, त्या वेळी ते विचारायला आले होते. आम्ही हो म्हटलं. या वेळीही कदाचित हो म्हटलं असतं. आमच्या मडगावात त्यांचं काम आहे. पण विचारायला काय झालं होतं?"

मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. चौथ्या कलमात त्याचं उत्तर आहे, की विचारायची गरज नव्हती. पण त्यांनी गरजेबद्दल विचारलंच नव्हतं. कामतांनी मडगाव आठदा जिंकलं आहे, सात सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक. इतका खात्रीचा मतदारसंघ गोव्यात क्वचितच कुणाकडे असेल. २०२२ च्या निवडणुकीत भाजपने त्यांच्यासमोर उपमुख्यमंत्री बाबू आजगावकरांना उभं केलं होतं, तेही पडले. हरण्याची भीती सगळ्यात कमी ज्याला असायची असा हा माणूस होता. बाकीच्या सातांपैकी काहींना पोटनिवडणूक जड गेली असती, हे मी समजू शकते. कामतांना कशाची अडचण होती? त्यांनी एकट्याने राजीनामा दिला असता तर आठाचा आकडा सातावर आला असता आणि दहाचे दोन-तृतीयांशही सातच होतात. म्हणजे बाकीच्यांचंही अडलं नसतं. मी हा हिशेब त्याच रात्री केला आणि नंतरही पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. चुकत नाही. एका माणसाने मडगावला विचारायचं ठरवलं असतं तरी त्या दिवशी घडलं ते सगळं तसंच घडलं असतं, फक्त एक पोटनिवडणूक झाली असती आणि बहुधा ते ती जिंकलेही असते.

पुढे अपात्रतेच्या याचिका झाल्या. सभापती रमेश तवडकर यांच्यापुढे त्या चालल्या आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे नेते गिरीश चोडणकर यांची याचिका त्यांनी फेटाळली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राजभवनावर दोन नवे मंत्री शपथबद्ध झाले: दिगंबर कामत आणि सभापतिपद सोडून आलेले रमेश तवडकर. एकाच समारंभात, एकामागोमाग. त्याआधी मंत्रिपद सोडलं होतं आलेक्स सिक्वेरांनी, त्याच आठांपैकी एक. या वेळीही 'राजकीय प्रवास' माझ्याकडे आला. तवडकरांच्या चौकटीत, आठ आमदारांविरुद्धची याचिका त्यांनी फेटाळली होती, ही ओळ मी घातली. त्या दोन चौकटी पानावर शेजारी शेजारी लागल्या, आणि वृत्तसंपादकांनी या खेपेला पेन लावलं नाही.

२०२७ च्या निवडणुकीसाठी आम्ही आतापासून चाळीसही आमदारांचे तक्ते करतोय. मी एक नवा रकाना मागून घेतला आहे: 'पक्ष बदलताना आमदारकी सोडली का?' दोन आठवडे बैठकीत त्यावर वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं की अशाने अर्धा तक्ता बदनामीचा होईल. मी म्हटलं, ज्यांनी सोडली त्यांच्यापुढे 'हो' येणारच आहे, तो त्यांचा मान आहे आणि तो आजवर आपण कधी छापला नाही. शेवटी मंजूर झालं. नवीन मुलगी ते भरतेय, बांधीव अंक काढून, पानं पट्टीने सोडवत. तिला ते काम आवडायला लागलंय. विश्वजित राणे: हो, २०१७. सुभाष शिरोडकर: हो, २०१८. कामतांच्या नावापुढे दोन ओळी लागतात, २००५ हो, २०२२ नाही, आणि रकाना अरुंद पडतो. ऑपरेटर अक्षर एक पॉइंटने लहान करू म्हणत होता. मी त्याला रकाना रुंद करायला सांगितलाय, शेजारचा 'शिक्षण' काढून टाकून.